लिस्टिंगनंतरचे दहा महिने

2024 च्या ऑगस्टमध्ये मी एका टेक कंपनीच्या आयपीओला, म्हणजे तिच्या शेअरच्या पहिल्या जाहीर विक्रीला, अर्ज केला. आयुष्यातला पहिलाच. जून 2025 मध्ये त्या कंपनीतला माझा शेवटचा शेअर विकला. मधल्या दहा महिन्यांत काय घडलं ते तारीखवार वहीत लिहून ठेवलं होतं, त्यावरून हे लिहिते आहे. शेअर पडायला लागला तेव्हा मी रात्ररात्र शोधत होते की नक्की बघायचं तरी काय. भाव सगळे सांगत होते, पण भाव का पडतोय हे कुठे आणि कसं वाचायचं ते कुणी सांगत नव्हतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. छोट्या व्यावसायिकांना बिलिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर वर्गणीवर देणारी कंपनी आहे, एवढं पुरे.

अर्ज

इश्यू मंगळवारी उघडला, गुरुवारी बंद झाला. भावपट्ट्यातला वरचा भाव 418 रुपये, लॉट (एका अर्जात किमान घ्यावा लागणारा गठ्ठा) 35 शेअरचा, म्हणजे 14,630 रुपये. मी एक लॉट भरला आणि बाबांच्या नावानेही एक भरला. बाबा निवृत्त आहेत. पेन्शन आणि ठेवी सोडून त्यांनी आजवर कशात पैसे घातले नव्हते. शेअर ठेवायचं डीमॅट खातं मीच त्यांना वर्षभरापूर्वी उघडून दिलं होतं.

अर्जाला पाच मिनिटंही लागली नाहीत. यूपीआयवर मॅन्डेट, म्हणजे पैसे अडकवायला परवानगी मागणारी विनंती, येतं, ते मंजूर केलं की पैसे खात्यातच राहतात, फक्त अडकवले जातात, आणि बचत खात्याचं व्याज चालू राहतं. मॅन्डेट इश्यू बंद होण्याच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मंजूर करावं लागतं. बाबांचं मॅन्डेट गुरुवारी दुपारी साडेतीनपर्यंत आलंच नव्हतं, चारला आलं. अर्ज पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच करा. आणि यूपीआय आयडी ज्याचा अर्ज त्याच्याच बँक खात्याचा लागतो. मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्यातून भरलेला अर्ज बाद होतो.

अर्जाआधी मी काय वाचलं होतं? दोन व्हिडिओ पाहिले होते आणि ग्रे मार्केटचा प्रीमियम (शेअर बाजारात येण्याआधीच त्यासाठी इश्यूच्या भावावर बोलली जाणारी जास्तीची रक्कम) रोज सकाळी बघत होते. हा प्रीमियम कुठल्याही एक्स्चेंजवर ठरत नाही, त्यावर शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीची देखरेख नाही, तो अनौपचारिक सौद्यांवरून तोंडातोंडी पसरतो. मला तो आकडा भावासारखाच खरा वाटत होता. कंपनीचं माहितीपत्रक, म्हणजे आरएचपी, सेबीच्या आणि एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. साडेचारशेच्या वर पानं होती. मी उघडलं आणि बंद केलं.

वाटप आणि अडकलेले पैसे

आता इश्यू बंद झाल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी लिस्टिंग होतं, म्हणजे शेअरचे बाजारात व्यवहार सुरू होतात. डिसेंबर 2023 पासून हे सक्तीचं आहे, त्याआधी सहा दिवस लागायचे. गुरुवारी इश्यू बंद, शुक्रवारी रात्री वाटप. रजिस्ट्रारच्या (अर्ज आणि वाटपाचं काम बघणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर पॅन टाकून पाहिलं: मला 35 शेअर, बाबांना शून्य. मागणी जास्त असली की सोडतीत नाव निघालेल्या छोट्या अर्जदारांनाच किमान एक लॉट मिळतो, तशी ती सोडत.

सोमवारी बाबांचे पैसे मोकळे व्हायला हवे होते, झाले नाहीत. मंगळवारी लिस्टिंग झालं तरी यूपीआय ॲपमध्ये मॅन्डेट चालूच दिसत होतं. बँकेच्या शाखेत म्हणाले रजिस्ट्रारला विचारा, रजिस्ट्रारच्या फोनवर म्हणाले बँकेला विचारा. बाबा शांत होते. मीच दिवसातून चार वेळा त्यांचं खातं उघडत होते. बुधवारी सकाळी मी रजिस्ट्रार, बँक आणि कंपनीच्या कंप्लायन्स ऑफिसर, तिघांना एकच ईमेल पाठवला. त्यात अर्ज क्रमांक, मॅन्डेटचा स्क्रीनशॉट आणि वाटप न झाल्याचा स्क्रीनशॉट जोडला. तिघांचे पत्ते आरएचपीच्या पहिल्या पानांवर असतात. गुरुवारी पैसे मोकळे झाले.

पैसे उशिरा सोडले तर दिवसाला 100 रुपये किंवा वार्षिक 15 टक्के, यातलं जे जास्त असेल ते अर्जदाराला द्यावं, असा सेबीचा नियम आहे. तीन दिवसांचे 300 रुपये मी लेखी मागितले. बँकेने दोन आठवडे दाद दिली नाही, तेव्हा सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार केली. तिथे उत्तर द्यायला 21 दिवसांची मुदत असते. सतराव्या दिवशी बाबांच्या खात्यात 300 रुपये जमा झाले. पुढे जे घडलं त्यात ही एकच गोष्ट कागदोपत्री स्वच्छ पार पडली, म्हणून सविस्तर सांगितली.

लिस्टिंग

मंगळवारी सकाळी नऊपासून स्क्रीनसमोर होते. नव्या शेअरसाठी नऊ ते पावणेदहा ऑर्डरी घेतात, त्यातून सुरुवातीचा भाव निघतो आणि दहाला सर्वसाधारण व्यवहार सुरू होतात. शेअर 446 ला उघडला. विकायचा विचारही मनात आला नाही. शुक्रवारी तो 512 ला जाऊन आला. त्या शुक्रवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला.

“अगं, मी घेतले. शंभर. 497 ला.”

मी काही बोलू शकले नाही. 49,700 रुपये. सोडतीत शेअर मिळाला नाही म्हणून ते हळहळत होते, आणि त्या आठवड्यात त्यांच्याशी बोलताना मी रोज भाव सांगत होते, रोज आनंदाने. त्यांनी मला विचारलं नाही, पण त्यांनी ऐकलं माझंच होतं. पुढचे दहा महिने माझ्या 35 शेअरांपेक्षा बाबांचे ते 100 शेअरच माझ्या डोक्यात राहिले.

शंका

सप्टेंबर अखेर भाव 470 च्या आसपास होता. बाजार तेव्हा तेजीत होता, बाजाराचा निर्देशांक निफ्टी 26,000 च्या वर. नोव्हेंबरमध्ये सप्टेंबर तिमाहीचे निकाल आले. विक्री वाढली होती, तोटाही वाढला होता. दोन दिवसांत भाव 390 वर आला. महिनाअखेरीस 365.

बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, “आज किती?” मी आकडा सांगायचे. मग दोघंही गप्प. एका रविवारी त्यांनी प्रश्न बदलला: “पण का पडतोय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी आरएचपी पुन्हा उघडली. अर्ज करण्याआधी जे काम करायचं होतं ते तीन महिने उशिरा केलं.

पुढचे तीन आठवडे रोज तासभर वाचत होते. सगळी पानं वाचायची गरज नाही. मला चार जागी उत्तरं मिळाली.

पहिली जागा अगदी सुरुवातीलाच होती. छोट्या गुंतवणूकदारांसाठी फक्त 10 टक्के हिस्सा राखीव होता. सेबीचे नफ्याचे, मालमत्तेचे निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीच्या बुक-बिल्ट (मागणीवरून भाव ठरणाऱ्या) इश्यूत तो किमान 35 टक्के असतो. ते निकष न बसणाऱ्या कंपनीला 75 टक्के हिस्सा मोठ्या संस्थांना द्यावा लागतो आणि आपल्यासाठी 10 टक्क्यांपेक्षा जास्त उरत नाही. अर्ज करताना मी त्या 10 टक्क्यांचा अर्थ लावला होता, ‘शेअर दुर्मिळ आहे’. खरा अर्थ इतकाच होता की कंपनीने अजून पुरेसा नफा कमावलेला नाही.

दुसरी जागा ‘ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर’, म्हणजे पैसे कशासाठी गोळा करताहेत. गोळा झालेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त रक्कम कंपनीकडे येणारच नव्हती. तो भाग ऑफर फॉर सेल होता, म्हणजे जुने गुंतवणूकदार स्वतःकडचे शेअर आपल्याला विकत होते. यात गैर काही नाही. पण माझे 14,630 रुपये धंदा वाढवायला जाताहेत अशी माझी समजूत होती.

तिसरी जागा ‘बेसिस फॉर ऑफर प्राइस’, म्हणजे भाव कशावरून ठरवला. तुलनेच्या तक्त्यात या कंपनीच्या पी/ई गुणोत्तरासमोर (भाव भागिले प्रति शेअर कमाई) ‘लागू नाही’ असं होतं, कारण प्रति शेअर कमाई उणे होती. जुन्या भागधारकांना शेअर सरासरी किती किमतीला पडला तेही तिथे छापलेलं असतं. 418 च्या शेजारी तो आकडा पाहून मी बराच वेळ पान उलटलं नाही. ते 300 ला विकूनही भरपूर कमावणार होते. माझा आणि त्यांचा तोटा एका भावाला सुरू होत नव्हता.

चौथी जागा ‘कॅपिटल स्ट्रक्चर’, म्हणजे शेअर कुणाकडे किती, आणि माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची. लिस्टिंगच्या दिवशी कंपनीचे सगळे शेअर बाजारात नसतात. अँकर गुंतवणूकदारांचे, म्हणजे इश्यू उघडण्याआधी शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे, निम्मे शेअर वाटपापासून 30 दिवस आणि उरलेले निम्मे 90 दिवस विकता येत नाहीत. प्रवर्तक नसलेल्या बहुतेक जुन्या भागधारकांचे शेअर सहा महिने अडकलेले असतात. म्हणजे 446 किंवा 512 हा भाव थोड्याच शेअरांच्या उलाढालीतून निघाला होता. कुलुपं उघडतील तसे विकणारे वाढणार होते. मी तारखा काढल्या: सप्टेंबरअखेर, नोव्हेंबरअखेर, फेब्रुवारीअखेर. नोव्हेंबरची घसरण त्यातल्या दुसऱ्या तारखेला भिडत होती. सहा महिन्यांची तारीख अजून यायची होती.

बाबांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हातात आलं होतं: शेअरचा पुरवठा वाढतोय, आणि वाढणार आहे. उरलेलं निम्मं उत्तर धंद्याचं होतं.

जुन्या कंपन्यांचे दाखले

या काळात मी दुसऱ्या टेक कंपन्यांचं लिस्टिंगनंतर काय झालं तेही वाचलं. फेसबुक 18 मे 2012 ला 38 डॉलरने बाजारात आली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला 18 डॉलरच्या खाली होती. शंका नेमकी होती: लोक मोबाइलवर जाताहेत, आणि मोबाइलवर कंपनीला जाहिरातीचं उत्पन्न जवळपास नाही. 2013 च्या शेवटच्या तिमाहीत जाहिरात उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त भाग मोबाइलवरून आला, तोवर शेअर 38 च्या बराच वर गेलेला होता. झोमॅटो जुलै 2021 मध्ये 76 रुपयांना आली, 116 ला उघडली, आणि वर्षाने जुन्या भागधारकांचं कुलूप उघडलं तेव्हा 41 च्या आसपास होती. जून 2023 च्या तिमाहीत तिने पहिल्यांदा 2 कोटींचा नफा दाखवला आणि त्यानंतर भाव आयपीओच्या कितीतरी वर गेला. पेटीएमचा शेअर 2,150 ला दिला गेला, 18 नोव्हेंबर 2021 ला पहिल्याच दिवशी सुमारे 27 टक्के पडला आणि पुढची अनेक वर्षं त्या किमतीला पोचला नाही.

बाबांना मी हे तिन्ही सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मग आपल्या कंपनीची शंका कोणती?”

खरं तर हा प्रश्न मला सुचायला हवा होता. पडलेला शेअर वर येतो का, याचं सरसकट उत्तर नसतंच. कोणत्या शंकेपोटी तो पडला आणि ती शंका कोणत्या आकड्याने मिटेल, एवढं मात्र विचारता येतं.

आकडा

निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी जो कॉल करते, त्याचं ध्वनिमुद्रण आणि लेखी प्रत एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर, कंपनीच्या ‘अनाउन्समेंट्स’खाली मिळते. लेखी प्रत काही दिवसांनी येते. मी ती छापून घेतली, 22 पानं, आणि बाबांनाही एक प्रत दिली. सुरुवातीचं व्यवस्थापनाचं भाषण सोडून थेट प्रश्नोत्तरांवर जा. तिथे एकच प्रश्न तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता: पहिल्या वर्षी सवलतीत घेतलेले ग्राहक दुसऱ्या वर्षी पूर्ण पैसे भरून किती राहतात?

आरएचपीत हा आकडा होता, 71 टक्के. नोव्हेंबरच्या सादरीकरणात तो नव्हता. त्याऐवजी ‘ॲडजस्टेड एबिट्डा’ (व्याज, कर, घसारा धरण्याआधीचा, काही खर्च वगळून काढलेला नफा) ठळक होता आणि तो नफ्यात दिसत होता. तळटीप वाचल्यावर कळलं की कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरांचा खर्च त्यातून वगळला आहे. तो खर्च धरला की तोटा.

मी कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला ईमेल केला. तीन ओळींचा, फक्त तो आकडा विचारणारा. नवव्या दिवशी उत्तर आलं की हा निर्देशांक वर्षातून एकदा जाहीर केला जाईल. नियम पाहिला, ते बरोबर होतं. आरएचपीत दिलेले महत्त्वाचे निर्देशांक लिस्टिंगनंतर वर्षातून किमान एकदा द्यावे लागतात, दर तिमाहीला देण्याचं बंधन नाही. कुणाही भागधारकाला असं विचारता येतं, 35 शेअर असले तरी. मला हे माहीत नव्हतं म्हणून लिहिते.

म्हणजे मे महिन्यापर्यंत थांबणं आलं.

फेब्रुवारी आणि मार्च

हे दोन महिने वाईट गेले. अख्खा बाजार घसरत होता, मार्चच्या सुरुवातीला निफ्टी 22,000 च्या आसपास आला. फेब्रुवारीअखेर सहा महिन्यांचं कुलूप उघडलं आणि आमचा शेअर 301 वरून चार दिवसांत 270 च्या खाली गेला. तारीख आधीपासून माहीत होती, कारण माहीत होतं, तरी पोटात गोळा यायचा. बाबांचे 49,700 आता 27,000 पेक्षा कमी झाले होते.

मी त्यांना भेटायला गेले आणि माफी मागितली. ते म्हणाले, “अगं, बटण मी दाबलं.” मग त्यांनी विचारलं, “हे आज रोख असते तर मी यात घातले असते का?” थोडा विचार करून त्यांनी स्वतःच उत्तर दिलं: “निम्मे.” म्हणून निम्मे विकायचं ठरलं. भाव थोडा सावरला तेव्हा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात 50 शेअर 288 ला विकले. तोटा 10,450 रुपये.

विकताना एक अडचण आली. बाबांनी ब्रोकरला डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर खात्यातून काढायचं अधिकारपत्र, दिलेलं नव्हतं, त्यामुळे शेअर खात्यातून सोडायला सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचा टीपिन (पासवर्डसारखा आकडा) आणि ओटीपी लागला. टीपिन त्यांना आठवेना, नवा मागवण्यात अर्धा तास गेला. विकायची घाई असेल त्या दिवशी हे महागात पडू शकतं, म्हणून टीपिन आधीच काढून ठेवा. 0.1 टक्के एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) आणि डीपीचे (डीमॅट खातं सांभाळणाऱ्याच्या शुल्काचे) काही रुपये कापले गेले.

मी माझे 35 ठेवले. मला तो आकडा पाहायचा होता.

मे, जून आणि विवरणपत्र

मेअखेर वार्षिक निकालांसोबत आकडा आला: 66 टक्के. बाजार सावरला होता, शेअरही 318 पर्यंत आला होता, आणि भावाकडे पाहिलं तर थांबावंसं वाटत होतं. पण ज्या शंकेपायी मी सहा महिने थांबले होते, ती शंका खरी निघाली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सगळे 318 ला विकले. शेअरमागे 100, एकूण 3,500 रुपयांचा तोटा. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

बाबांनी तेच 22 पानांचं बाड आणि नवे निकाल वाचले आणि उरलेले 50 ठेवायचे ठरवले. त्यांचं म्हणणं असं की ग्राहक गळले तरी उरलेल्या ग्राहकांकडून मिळणारी रक्कम वाढली आहे, आणि 66 पुढच्या वर्षी 66 च राहिले तरी त्यांना पुरे. मला पटलेलं नाही. पण ते आकडा धरून बोलत होते आणि त्यात माझ्या मताला जागा नव्हती, म्हणून मी वाद घातला नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये त्यांचं विवरणपत्र भरलं. शेअर विक्रीतला तोटा दाखवायचा असल्यामुळे आयटीआर-2 हा फॉर्म लागतो. बारा महिन्यांच्या आत विकले म्हणून तोटा अल्पमुदतीचा. तो पेन्शनमधून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो. नफा नसेल तर पुढची आठ वर्षं नेता येतो, अट एकच: विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. त्या वर्षी मुदत आधी 15 आणि शेवटी 16 सप्टेंबरपर्यंत वाढवली गेली. माझा तोटा जूनमधला, म्हणून तो पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात जाईल. माझ्या ब्रोकरच्या करअहवालात आयपीओत मिळालेल्या शेअरांची खरेदी किंमत शून्य दिसते आहे, म्हणजे तोट्याच्या जागी 11,130 रुपयांचा नफा. वाटपाचा ईमेल जोडून दुरुस्ती मागितली आहे. तुम्हीही तो ईमेल पुसून टाकू नका.

बाबांच्या विवरणपत्राचं ई-व्हेरिफिकेशन आधारच्या ओटीपीने झालं. पोचपावती छापून त्यांनी ती बाडाला टाचली आणि पहिल्या पानावर पेनाने लिहिलं: तोटा 10,450, शिल्लक 50 शेअर, पुढचा आकडा मे 2026.